बसतंय म्हणजे चालतंय का? जुन्या डर्ट बाईकला दुसऱ्या मॉडेलचे फोर्क

हिरोने जानेवारी २०२५ मध्ये एक्सपल्स २१० आणली. लिक्विड-कूल्ड इंजिन, पुढे २१० मिलिमीटर सस्पेन्शन ट्रॅव्हल, मागे २०५. तेव्हापासून जुनी एक्सपल्स २०० किंवा तिच्याही आधीची इम्पल्स चालवणाऱ्यांच्या ग्रुपवर एक प्रश्न काही थांबायला तयार नाही: "भावा, नवीनचे फोर्क जुनीला बसतात का?" त्याखाली कुणीतरी लगेच रील टाकतो. लेथवर फिरणारा स्टेम, मागे दणदणीत म्युझिक आणि शेवटच्या पाच सेकंदांत बाईक हवेत.

रीलमध्ये काय नसतं? त्या बाईकचं एबीएस आता नक्की काय वाचतंय, आरटीओने अडवलं तर कुठलं कलम लागेल आणि उद्या अपघात झाला तर विम्याचा सर्व्हेअर फोटो काढून काय लिहील, हे नसतं. मी ऑटोमोबाईलवाला नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. पुण्यात नोकरी, सुट्टीच्या दिवशी मावळातले कच्चे रस्ते आणि खाली २०२० ची एक्सपल्स २००. पण फोर्क स्वॅपकडे बघताना मला माझ्याच कामातला प्रश्न दिसतो. एका सिस्टीमचा तुकडा काढून दुसरीत लावायचा असेल तर दोघींची भाषा जुळते का? आणि ती जुळवायची परवानगी कोणाकडे आहे?

आधी हे करतात कशाला ते बघू.

फोर्क म्हणजे पुढच्या चाकाला धरणाऱ्या दोन नळ्या. त्यांच्या आत स्प्रिंग आणि तेल. खड्डा आला की स्प्रिंग दबते आणि तेल त्या स्प्रिंगला डोलत राहू देत नाही. चाक जितकं वर-खाली जाऊ शकतं तो ट्रॅव्हल. एक्सपल्स २०० ला पुढे १९० मिलिमीटर ट्रॅव्हल आहे आणि नळ्या ३७ मिलिमीटर व्यासाच्या. साध्या कम्युटर बाईकच्या मानाने हे भरपूरच आहे. पण उडी मारून खाली आलात की फोर्क तळाला जाऊन 'ठाक' असा आवाज येतो. तो आवाज ज्याने ऐकलाय, त्याच्या डोक्यात लांब फोर्कचं वेड शिरतंच.

लोक ट्रॅव्हलचा आकडा बघतात, पण खरा फरक बहुतेक वेळा आतल्या तेलाच्या वाटेत असतो. जुन्या आणि स्वस्त फोर्कमध्ये तेल ठरावीक आकाराच्या छिद्रांतून जातं. याला डॅम्पर रॉड प्रकार म्हणतात. छिद्रातून तेल ढकलायला लागणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट तर विरोध चौपट. म्हणून ब्रेक मारताना, म्हणजे हळू हालचालीत, असा फोर्क फुसका वाटतो आणि तोच फोर्क धारदार दगडावर चाक झटक्यात वर गेलं की काठीसारखा ताठ होतो. महाग फोर्कमध्ये कार्ट्रिज असतं. त्यात पातळ पत्र्याच्या चकत्यांची थप्पी असते. तेलाचा दाब वाढला की चकत्या वाकतात, वाट मोठी होते आणि झटका हातापर्यंत पोचत नाही. मोटोक्रॉस बाईकचे फोर्क जुन्या ट्रेल बाईकला लावून लोक एवढे खूश का होतात, त्याचं उत्तर या चकत्यांत आहे.

ही पद्धत मुरली अमेरिकेत. होंडाची एक्सआर६५०एल ही बाईक तिथे १९९३ पासून जवळजवळ तशीच विकली जातेय. इंजिन अजून ठणठणीत, पण सस्पेन्शन त्या काळातलं. मग लोक तिला होंडाच्याच मोटोक्रॉस बाईकचे उलटे फोर्क लावतात. कावासाकीच्या केडीएक्स२०० ला केएक्सचे. हे तिथे इतकं रुळलंय की बेअरिंग विकणाऱ्या कंपन्या 'या फ्रेमला त्या मॉडेलचा स्टेम बसवायचा असेल तर हे बेअरिंग घ्या' असे तक्तेच देतात. त्यातल्या कितीतरी बाईक रस्त्यावर येतच नाहीत. पिकअपमध्ये घालून जंगलातल्या ट्रेलवर नेतात, संध्याकाळी परत आणतात. आपल्याकडे तसं नाही. आपली डर्ट बाईक हीच ऑफिसची बाईक, हीच दूध आणायची बाईक. अमेरिकन व्हिडिओ बघून इथे काम करायला घेतलं की पहिला घोळ इथेच होतो.

बसवायचं कसं, हे थोडक्यात सांगतो, कारण त्यावर व्हिडिओ ढिगाने आहेत. दोन्ही फोर्क वर आणि खाली एकेका ब्रॅकेटमध्ये अडकवलेले असतात. गॅरेजमध्ये याला सरळ 'टी' म्हणतात. खालच्या टीमधून एक दांडा वर जातो, तो फ्रेमच्या डोक्यातून, कोनसेटमधून जातो आणि वरच्या टीला भेटतो. हा दांडा म्हणजे स्टेम. दुसऱ्या मॉडेलचा स्टेम तुमच्या फ्रेमला लांबीने किंवा जाडीने जुळला नाही तर तीन वाटा आहेत: वेगळ्या मापाचे बेअरिंग, जुना स्टेम नव्या टीमध्ये प्रेस करणं किंवा लेथवर नवा स्टेम बनवून घेणं. तिसऱ्या वाटेबद्दल मी कडक आहे. स्टेम हा असा भाग आहे की तो तुटला तर हँडल तुमच्या हातात राहतं आणि चाक स्वतःच्या वाटेने जातं. कुठलं स्टील वापरलं आणि त्याला उष्णता देऊन कडक केलं की नाही, हे जो लेथवाला सांगू शकत नाही, त्याच्याकडून स्टेम करून घेऊ नका. 'दादा, एकदम पक्कं लोखंड आहे' हे उत्तर इथे चालत नाही.

मग चाक. फोर्क बदलला की ॲक्सलची जाडी बदलते, ब्रेक कॅलिपर लावायच्या भोकांची जागा बदलते, डिस्कचा आकारही बदलू शकतो. म्हणून जाणकार लोक फोर्क, टी, चाक, डिस्क आणि कॅलिपर असं अख्खं पुढचं तोंडच एका गाडीवरून घेतात. इम्पल्सला पुढे १९ इंची चाक होतं, एक्सपल्सला २१ इंची. त्यामुळे इम्पल्सला एक्सपल्सचं तोंड लावलं की चाकही मोठं होतं, आणि तिथून भूमिती बदलते.

या भूमितीवर थोडा वेळ थांबू.

सुपरमार्केटच्या ट्रॉलीची पुढची चाकं आठवा. ट्रॉली ढकलली की चाक आपोआप मागे वळून सरळ रेषेत येतं, कारण चाक जमिनीला जिथे टेकतं तो बिंदू त्याच्या खुंटीच्या मागे असतो. बाईकमध्येही हेच आहे. हँडलचा अक्ष खाली जमिनीपर्यंत वाढवला तर तो जिथे टेकेल, त्याच्या थोडं मागे चाक टेकतं. हे अंतर म्हणजे ट्रेल. आणि हँडलचा अक्ष उभ्या रेषेपासून जितका कललेला, तो रेक.

आता हिशोब करू. समजा तुम्ही एक्सपल्स २०० ला ६० मिलिमीटर लांब फोर्क लावले आणि मागे काहीच केलं नाही. फोर्क तिरका असल्यामुळे पुढचा भाग सरळ वर साधारण ५४ मिलिमीटर उचलला जाईल. व्हीलबेस १४१० मिलिमीटर. म्हणजे अख्खी बाईक मागे जवळपास दोन अंशांनी कलते. दोन अंश ऐकायला काहीच नाही, पण रेकमध्ये दोन अंश म्हणजे खूप. ट्रेल वाढतो, हँडल जड होतं, घाटात वळताना बाईक बाहेरच्या बाजूला जायला बघते. वजन मागे सरकतं, त्यामुळे ओल्या उतारावर पुढच्या टायरची पकड नेमकी हवी तेव्हा कमी पडते. सरळ कच्च्या रस्त्यावर मात्र हीच बाईक छान स्थिर वाटते. रील सरळ कच्च्या रस्त्यावरच काढतात.

कंपनीने हेच काम केलं तेव्हा काय केलं, ते बघण्यासारखं आहे. हिरोने २०२० मध्ये एक्सपल्स २०० साठी रॅली किट आणलं. सुरुवातीची किंमत ३८ हजारांच्या आसपास. त्यात पुढचा ट्रॅव्हल १९० चा २५० झाला, म्हणजे ६० वाढला. आणि मागचा? १७० चा २२० झाला, म्हणजे ५० वाढला. दोन्ही टोकं जवळजवळ सारखी उचलली, त्यामुळे कोन जागेवर राहिला. वर साइड स्टँड लांब दिला, नाहीतर उंच झालेली बाईक स्टँडवर भलतीच आडवी झुकते. गिअर लिव्हर बदलला, हँडल उचलायला रायझर दिले. म्हणजे इंजिनिअरने फक्त फोर्क 'अपग्रेड' केलेला नाही, फोर्क बदलल्यामुळे जे जे हललं ते सगळं पुन्हा जागेवर आणलं. आमच्या भाषेत सांगायचं तर एक लायब्ररी अपडेट केली आणि तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं पुन्हा टेस्ट केलं.

तुमच्या खिशातला फोन इथे उपयोगी आहे. फोनमध्ये कोन मोजणारं ॲप असतंच. नसेल तर आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप टाका. बाईक सपाट जमिनीवर सरळ उभी धरून फोन फोर्कच्या नळीला टेकवा आणि बदलाच्या आधीचा कोन लिहून ठेवा. नंतर पुन्हा मोजा. दुसरी युक्ती याहून स्वस्त: फोर्कच्या चकचकीत नळीवर एक केबल टाय बांधा, तो खाली सीलपर्यंत सरकवा आणि फेरी मारून या. टाय जिथे थांबला तेवढा ट्रॅव्हल तुम्ही खरोखर वापरलात. मी असं महिनाभर केलं तेव्हा रोजच्या वापरात माझ्या १९० पैकी बराच ट्रॅव्हल शिल्लकच राहत होता. फक्त कोन मोजून झाला की फोन खिशात टाका. ॲपलने २०२१ मध्येच सांगितलंय की जास्त ताकदीच्या मोटरसायकलच्या इंजिनची कंपनं हँडलवर लावलेल्या आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्टॅबिलायझेशन बिघडवू शकतात.

आता माझ्या आवडीचा भाग. एबीएस.

भारतात १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं एप्रिल २०१८ मध्ये आणि आधीपासून विकल्या जाणाऱ्या मॉडेल्सना एप्रिल २०१९ पासून. जून २०२५ मध्ये रस्ते वाहतूक मंत्रालयाने सगळ्याच दुचाकींना एबीएस लावण्याचा मसुदा आणला. म्हणजे दिशा स्पष्ट आहे: पुढची प्रत्येक बाईक हा एक छोटा कॉम्प्युटर असणार. आणि त्या कॉम्प्युटरचा एक डोळा नेमका फोर्कपाशीच बसवलेला असतो.

चाकाच्या हबवर दात असलेली एक कडी फिरते. फोर्कला लावलेला सेन्सर तिचे दात मोजतो. एका फेरीत किती दात आणि एका फेरीत चाक किती अंतर जातं, हे दोन आकडे एबीएसच्या कंट्रोल युनिटमध्ये आधीच लिहिलेले असतात. कंट्रोल युनिट ते आकडे विचारत नाही, गृहीत धरतं. आता समजा त्याला ४० दातांची सवय आहे आणि तुम्ही लावलेल्या चाकावर ४८ दात आहेत. तुम्ही ५० च्या वेगाने जात असलात तरी त्याला ६० वाटेल. चाकाच्या आकाराचंही तसंच. ९०/९०-२१ टायरचा घेर सुमारे २.१८ मीटर येतो, ११०/७०-१७ चा सुमारे १.८४. दात सारखे असले तरी २१ इंची हिशोबाला १७ इंची चाक दिलं की वेग १८ टक्क्यांहून जास्त फुगतो.

"मग स्पीडोमीटर चुकीचा दाखवेल, एवढंच ना?" एवढंच नाही. एबीएसचं काम म्हणजे चाक घसरतंय हे ओळखणं. दोन्ही चाकांवर सेन्सर असलेल्या बाईकमध्ये कंट्रोल युनिट पुढचा-मागचा वेग ताडून बघतं. पुढचं चाक कायमच मागच्यापेक्षा वेगाने फिरतंय असं दिसलं तर त्याच्या मते काहीतरी गडबड आहे. बहुतेक वेळा ते फॉल्ट नोंदवतं, पिवळा दिवा लावतं आणि एबीएस बंद करून मोकळं होतं. हा बरा प्रकार, कारण निदान तुम्हाला कळतं. एक्सपल्स २०० ला एबीएस फक्त पुढच्या चाकावर आहे, ताडून बघायला दुसरा सेन्सरच नाही. चाकाचा वेग किती झपाट्याने घटतोय यावरून ते अंदाज बांधतं आणि तो अंदाज आकड्यांवर उभा आहे. आकडे चुकीचे असले तर दिवा न लागताही निर्णय चुकू शकतो. ब्रेक गरजेच्या आधी सुटेल की उशिरा, हे तुम्हाला घाटातल्या वाळूवरच कळेल. त्यामुळे मी हा भाग प्रयोगाला सोडत नाही. आमच्या ग्रुपमध्ये एकाने दुसऱ्या कंपनीच्या रोड बाईकचं १७ इंची तोंड जुन्या ट्रेल बाईकला लावलं. दिसायला खतरनाक. एबीएसचा दिवा पहिल्या दिवसापासून चालू होता. त्याने त्यावर काळी टेप लावली.

हे सगळं ऐकून फोनची आठवण झाली असेल तर बरोबर झाली. फोनमध्ये स्क्रीन किंवा बॅटरी बदलली की 'अनोळखी पार्ट' असा मेसेज येतो, कारण कंपनीने पार्टचा नंबर मदरबोर्डशी बांधलेला असतो. याला पार्ट्स पेअरिंग म्हणतात. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने २०२४ मध्ये कायदा करून नव्या उपकरणांसाठी याला चाप लावला. युरोपात २० जून २०२५ पासून फोनचे सुटे भाग वर्षानुवर्षं मिळत राहिले पाहिजेत असे नियम आले. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, आणि त्यात मोबाईलबरोबर वाहनंही आहेत.

पण फोन आणि बाईकमध्ये एक फरक आहे आणि तो लोक विसरतात. फोनमधलं पेअरिंग बहुतेक वेळा कंपनीच्या सोयीसाठी असतं. तोच ओरिजिनल पार्ट, त्याच मॉडेलचा, तरी चालू देत नाहीत. बाईकच्या एबीएसमधली गृहीतकं मात्र भौतिकशास्त्रातून आलीत. २१ इंची चाकाचा घेर कंपनीने हट्टाने ठरवलेला नाही. म्हणून 'माझी बाईक, माझा हक्क' ही घोषणा फोनच्या स्क्रीनला जितकी लागू पडते तितकी फोर्कला पडत नाही. माझी मागणी वेगळी आहे: कंपन्यांनी ते दोन आकडे, दात आणि घेर, सर्व्हिस टूलने बदलता येतील असे ठेवावेत आणि सर्व्हिस मॅन्युअलमध्ये छापावेत. कुठलाही प्रोग्रॅमर सांगेल की ही दोन व्हेरिएबल्स आहेत.

आता कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की मालकाने गाडीत असा बदल करू नये, ज्यामुळे आरसीवरचा तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापासून वेगळा होईल. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ कडकपणे लावला: उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालणार नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं. बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. 'प्रत्येक बदलामागे' हे शब्द नीट वाचा. फोर्क एक, चाक दोन, हँडल तीन असा हिशोब कुणी करायला बसला तर कठीण आहे.

आता एमपरिवहन किंवा डिजिलॉकर उघडून तुमची आरसी बघा. इंजिन नंबर, चेसिस नंबर, सीसी, वजन, रंग, व्हीलबेस वगैरे दिसेल. फोर्कचा रकाना नाही. त्यामुळे 'आरसीवर फोर्कच नाही, मग बदल कसला?' असा युक्तिवाद ग्रुपवर फार चालतो. त्यात थोडा जीव आहे. कायदा स्वतःच 'बदल' म्हणजे वाहनाच्या रचनेतला असा फरक की ज्याने त्याचं मूळ वैशिष्ट्य बदलतं, असं सांगतो. त्याच मापाचा, त्याच ट्रॅव्हलचा फोर्क लावला तर तो दुरुस्तीच्या जवळ जातो. पण लांब फोर्क आणि मोठं चाक लावलं की रेक बदलतो, त्यासोबत व्हीलबेसही काही मिलिमीटर सरकतो, आणि व्हीलबेस आरसीवर आहे. रस्त्यात उभ्या असलेल्या इन्स्पेक्टरशी हा वाद जिंकायचं स्वप्न बघू नका. तो मीटरपट्टी काढणार नाही, त्याला फक्त दोन वेगळ्या गाड्या जोडलेल्या दिसतील.

मला या कायद्यात खटकतं ते वेगळंच. रॅली किट स्पर्धांसाठी म्हणून विकलं गेलं. मग जुलै २०२२ मध्ये हिरोने तेच २५० आणि २२० मिलिमीटरचं सस्पेन्शन कारखान्यातच बसवून रॅली एडिशन आणली आणि २०२३ मध्ये ४व्ही प्रो आली, तेही रस्त्यावर चालवायला पूर्ण परवानगीसह. म्हणजे तोच फोर्क, तीच फ्रेम. कारखान्यात बसवला तर कायदेशीर आणि तुम्ही तोच ओरिजिनल भाग विकत घेऊन तुमच्या साध्या ४व्ही ला लावला तर शंकास्पद. आणि गंमत म्हणजे पेट्रोल बाईकचं इंजिन उतरवून इलेक्ट्रिक मोटर लावायला मात्र आपल्याकडे रीतसर रस्ता आहे! एआयएस-१२३ या मानकाप्रमाणे किटची चाचणी होते, मंजुरी मिळते आणि आरसीवर नोंद होते. सीएनजी किटचं तर वर्षानुवर्षं असंच चालतं. गाडीचं हृदय बदलायला फॉर्म आहे आणि गुडघे बदलायला नाही.

जर्मनीत सुट्या भागालाच मंजुरीचा कागद असतो. तो नसेल किंवा अपुरा असेल तर बदललेली गाडी तपासणाऱ्या संस्थेकडे न्यायची, तपासनीस ब्रेक, मोकळी जागा, वळण बघतो आणि कागदपत्रांत नोंद होते. पैसे लागतात, कटकट आहे, पण दार उघडं आहे. जपानमध्येही रचनेतल्या बदलाची वेगळी तपासणी असते. आपल्याकडे तपासणारे नाहीत असंही नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवरची एआरएआय, पुण्यातलीच सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई, या तिन्ही संस्थांना केंद्राच्या नियमांनुसार नव्या वाहनांचे नमुने तपासायचा अधिकार आहे. प्रत्येक पोराची बाईक त्यांनी तपासावी असं मी म्हणत नाही, ते शक्यच नाही. पण कंपनीने 'हे मॉडेल, हे किट, अधिकृत सेंटरमध्ये बसवलेलं' अशी एकदा चाचणी करून घेतली आणि आरसीवर एक ओळ वाढली, तर हजारो लोक लेथवाल्याकडे जायचे थांबतील. आत्ता ज्याला नियम पाळायचाय त्याच्यासमोर 'करू नका' एवढा एकच पर्याय आहे. मग तो गुपचूप करतो, आणि गुपचूप केलेलं काम कोणी तपासत नाही. सायलेन्सर फोडून रात्री दोनला गल्लीत फिरणारा आणि चांगला फोर्क लावणारा, दोघांना एकाच कलमाखाली आणून वाहतूक सुरक्षित होत नाही.

विम्याबद्दल फार लिहीत नाही, कारण प्रत्येक पॉलिसी वेगळी. पण न कळवलेला बदल हे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडवायचं किंवा कापायचं सोपं कारण असतं. अपघात फोर्कमुळे झालाच नव्हता हे सिद्ध करत बसायची वेळ तुमच्यावर येते. बदलाआधी विमा कंपनीला ईमेल करा. फोनवर 'चालतंय की सर' असं कोणी म्हणालं तर त्याला लेखी मागा आणि आवाज कसा बदलतो ते ऐका.

मग जुनी बाईक असेल तर करायचं काय? मी माझ्या २०२० च्या गाडीला काय केलं ते सांगतो. फोर्कचं तेल बदललं, कंपनीने सांगितलेल्या पातळीपर्यंत मोजून भरलं. जुनं तेल काळं पाणी झालं होतं. मग माझ्या वजनाला साजेशा थोड्या कडक स्प्रिंग लावल्या. बाहेरून काहीच वेगळं दिसत नाही, उंची तीच, चाक तेच, सेन्सर तोच. तो 'ठाक' आवाज बराच कमी झाला. डॅम्पर रॉड फोर्कमध्ये कार्ट्रिजसारखं काम करणारे छोटे व्हॉल्व्हही मिळतात. त्यांची छिद्रं तुमच्या फोर्कच्या मापाला जुळतात का ते विचारून घ्या. जवळजवळ साठ-सत्तर टक्के फरक यातच पडतो असं माझं मत आहे. हे मत आहे, मोजमाप नाही.

आणि जुन्या गाडीचे फोर्क खरोखरच गेले असतील, नळीवर गंजाचे खड्डे पडले असतील आणि इम्पल्ससारख्या बंद झालेल्या मॉडेलचा भाग मिळत नसेल, तर दुसऱ्या मॉडेलचा फोर्क ही हौस राहत नाही, गरज होते. तेव्हा ट्रॅव्हल आणि लांबी मूळच्या शक्य तितक्या जवळची घ्या. अख्खं तोंड एकाच गाडीचं घ्या. कुर्ल्यातून घ्या नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारातून, पण बिल घ्या, कारण चोरीच्या गाडीचे भाग असेच सुटे होऊन विकले जातात. नळी काचेवर फिरवून बघा, वाकलेली असेल तर लगेच डुगडुगते. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टाकीला लागतं का आणि ब्रेकची नळी ताणली जाते का ते बघा. एबीएस असेल तर विकणाऱ्याला विचारा की कडीला दात किती. त्याला माहीत नसेल तर टॉर्च लावून फोनवर फोटो काढा आणि स्वतः मोजा.

मूळचे फोर्क खराब नसतील तर भंगारात देऊ नका. तेल लावून, कापडात गुंडाळून, उभे ठेवा. बाईक विकताना गिऱ्हाईक सगळ्यात आधी तेच मागतं.